बाटलीच्या मागची बारीक अक्षरं

पत्र

काका, नमस्कार. मी सासवडजवळच्या एका गावात राहतो आणि हडपसरला कंपनीत कामाला आहे. रोज जाऊन-येऊन साठ किलोमीटर होतात, दिवे घाटातून. गाडी बाबांची, २०१३ ची स्प्लेंडर. बाबा गेल्या वर्षी वारले. त्यांनी गाडी फार जपली. साइड पॅनेलच्या आत पान्यांच्या पिशवीत त्यांची छोटी वही सापडली. तिच्यात ऑइल बदलल्याच्या तारखा आणि किलोमीटर आहेत, पण ऑइल कुठलं ते लिहिलेलं नाही. गेल्या महिन्यात मामांनी त्यांच्या कारचं उरलेलं ऑइल दिलं. फुल सिंथेटिक, ५डब्ल्यू-३०, एकदम भारीतलं. तेच टाकलं. पहिले दोन दिवस गाडी लोण्यासारखी चालली. आता घाट चढताना इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पुढे सरकत नाही. गॅरेजवाले म्हणतात क्लचप्लेट गेल्या, त्या बदल आणि उन्हाळा आहे तर २०डब्ल्यू-५० टाक. मित्र म्हणतो बाइकसाठीचं फुल सिंथेटिक टाक. मी बाबांची गाडी बिघडवली का? नक्की कुठलं ऑइल टाकू? आणि बहिणीच्या स्कूटरलाही तेच चालेल का?

उत्तर

इंजिन बिघडवलेलं नाहीस, हे आधी सांगतो, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचशील. मामांनी दिलेलं तेल वाईट नाही. पिस्टन, कॅम, बेअरिंग यांना त्या तेलानं पुरेसं वंगण मिळालं असणार. त्रास झाला तो एकट्या क्लचला, आणि तोही बहुधा भरून निघण्यासारखा आहे. पण आजपासून त्या तेलावर घाट चढू नकोस. क्लच घसरत असताना गाडी तशीच रेटली की प्लेटा तापतात, त्यांच्यावर चकाकी येते आणि मग खरोखरच बदलाव्या लागतात. दोन-तीन दिवस एसटीनं जा किंवा कंपनीतल्या कोणाच्या तरी मागे बस.

कारचं तेल मोटरसायकलला का चालत नाही, हे नीट समजून घे. एकदा ते कळलं की बाटली कशी निवडायची हे कोणाला विचारावं लागणार नाही.

कारमध्ये इंजिनाचं तेल फक्त इंजिनात फिरतं. गिअरबॉक्सला वेगळं तेल असतं आणि साध्या गिअरच्या कारचा क्लच कोरडा असतो, त्याला तेलाचा थेंबही लागता कामा नये. तुझ्या स्प्लेंडरमध्ये मात्र इंजिन, गिअर आणि क्लच तिघंही एकाच तेलात आहेत, आणि ते तेल एक लिटरसुद्धा नाही. तेवढ्याशा तेलानं पिस्टनला घसरू द्यायचं, गिअरचे दात एकमेकांवर घासताना त्यांच्यामध्ये राहायचं, आणि क्लचच्या प्लेटांना मात्र एकमेकींना घट्ट धरू द्यायचं. एकाच भांड्यातल्या तेलाकडून दोन उलटी कामं आपण करून घेतो.

कार बनवणाऱ्यांना अ‍ॅव्हरेज वाढवायचं होतं, म्हणून कारची तेलं पातळ होत गेली आणि त्यांत घर्षण कमी करणारी द्रव्यं येऊ लागली. त्यांतलं मॉलिब्डेनमचं संयुग बऱ्याच जणांना माहीत असतं. कारच्या इंजिनाला हे चांगलंच आहे. पण तेच तेल मोटरसायकलच्या क्लचमध्ये गेलं की प्लेटांची पकड सुटू लागते. सपाटीवर, एकट्यानं, हळू चालवताना जाणवत नाही. घाट लागला, तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल पिळला, की इंजिन ओरडतं आणि चाकाला जोर पोचत नाही. तुझ्याबाबतीत हेच झालं. पहिले दोन दिवस जे लोण्यासारखं वाटलं, तेही त्याच गुणामुळे.

ही अडचण फक्त आपल्याकडची नाही. जपानी मोटरसायकल कंपन्यांना ती आधीच दिसली होती, म्हणून तिथल्या जासो या संस्थेनं १९९८ साली चार स्ट्रोकच्या मोटरसायकलींच्या तेलासाठी टी ९०३ नावाचं वेगळं मानक काढलं. त्यात क्लचच्या प्लेटा तेलात ठेवून प्रत्यक्ष घर्षण मोजतात. पकड टिकली तर तेलाला ‘एमए’ हा वर्ग मिळतो. घर्षण कमी भरलं तर ‘एमबी’. २००६ मध्ये एमएचे आणखी दोन भाग झाले, एमए-१ आणि एमए-२. यांत एमए-२ ची पकड जास्त.

तेव्हा दुकानात गेल्यावर बाटली आधी उलटी फिरव. मागच्या लेबलवर, कुठेतरी खालच्या बाजूला, एक छोटी चौकट असते. तिच्यात वर आकडे-अक्षरांचा एक सांकेतिक क्रमांक आणि खाली एमए, एमए-२ किंवा एमबी लिहिलेलं असतं. स्प्लेंडरसाठी एमए किंवा एमए-२ हवं. ती चौकट नसेल, तर बाटलीच्या पुढे घोड्याचं चित्र असो, रेसच्या गाडीचं असो, की किंमत दुप्पट असो, ती परत फळीवर ठेव. मामांच्या बाटलीवर ती चौकट नव्हती, हे न बघताही सांगतो. बहुतेक तिच्यावर गोल शिक्का असेल आणि त्याच्या खालच्या कडेला ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’, म्हणजे इंधन वाचवणारं, असे शब्द असतील. मोटरसायकलवाल्यानं तेलाच्या बाटलीवर हे शब्द दिसले की हात मागे घ्यावा.

आता आकडे. १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५०, १५डब्ल्यू-५०. हे ग्रेड एसएई या अमेरिकन अभियंत्यांच्या संस्थेनं ठरवलेले. डब्ल्यू म्हणजे वजन नव्हे, तो ‘विंटर’चा, हिवाळ्याचा. आपण गुऱ्हाळावर काकवी पाहिलेली असते. कढईतून काढल्या काढल्या ती पाण्यासारखी धावते, आणि सकाळी तीच थंड काकवी बरणीतून ओतायला पेशन्स लागतो. तेलाचंही तसंच. थंड असताना ते घट्ट, तापल्यावर पातळ. पहिला आकडा सांगतो की थंडीत ते किती सहज वाहील. जितका लहान, तितकं लवकर वाहणारं. दुसरा आकडा सांगतो की चांगलं तापल्यावर त्यात किती दाटपणा उरेल.

ही दुसऱ्या आकड्याची मोजणी १०० अंश सेल्सिअसला होते. त्या तापमानाला ३० च्या तेलाचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या (दाटपणा मोजायचं माप) दरम्यान असावा लागतो, ४० चा १२.५ ते १६.३, आणि ५० चा १६.३ ते २१.९. तुझ्या गॅरेजवाल्यांच्या उन्हाळ्याच्या सल्ल्याचं उत्तर याच मोजणीत आहे. लोकांना वाटतं, बाहेर ऊन तापलं की आतलं तेल पाणी होणार, म्हणून दाट तेल घाला. पण इंजिन तापल्यावर आतलं तेल बाहेरच्या उन्हापेक्षा कितीतरी जास्त गरम असतंच, डिसेंबरातही. एप्रिलमध्ये हवा दहा-बारा अंशांनी जास्त तापलेली असते. त्याचा परिणाम होतो, नाही असं नाही. मात्र गाडी बनवणाऱ्यांनी १०डब्ल्यू-३० ठरवलं तेव्हा भारतातला उन्हाळा धरूनच ठरवलं. ही गाडी चंद्रपूरच्या मे महिन्यातही याच तेलावर चालते.

स्प्लेंडरच्या कंपनीनं सांगितलेलं तेल १०डब्ल्यू-३०, एपीआय (अमेरिकेतली पेट्रोलियम संस्था) एसएल, जासो एमए असं आहे. तू तेच टाक. बाबांच्या कागदपत्रांत गाडीचं पुस्तक असेल तर त्यातलं पान एकदा स्वतः बघ. मी सांगतो म्हणून नको, पुस्तक सांगतं म्हणून टाक.

२०डब्ल्यू-५० का नको? हे लहान इंजिन आहे, ९७.२ सीसीचं. त्यातला तेलाचा पंप, तेलाच्या वाटा, भागांमधल्या फटी हे सगळं पातळसर तेल धरून बनवलेलं आहे. इंजिनाची जास्तीत जास्त झीज पहाटेच्या पहिल्या किकला होते, कारण रात्रभर तेल खाली उतरलेलं असतं आणि वर हेडमध्ये, कॅम-रॉकरपर्यंत ते पोचायला काही क्षण जातात. तेल जितकं दाट, तितका तो उशीर जास्त. सासवडच्या बाजूला डिसेंबरात पहाटे चांगली थंडी असते आणि तू शिफ्टला अंधारात निघत असशील. शिवाय दाट तेलात इंजिन फिरवायलाच जास्त जोर लागतो, अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं. हे काही एका दिवसात दिसत नाही, म्हणूनच लोक वर्षानुवर्षं चुकीचं तेल घालतात आणि ‘काही होत नाही’ म्हणतात.

गॅरेजवाल्यांविषयी मनात राग धरू नकोस, ते तुला फसवत नाहीत. आमच्या पिढीतले बरेच मेकॅनिक २०डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० वरच हात बसवून मोठे झाले. जुन्या गाड्यांना तेच लागायचं. शिवाय झिजलेल्या इंजिनात दाट तेल घातलं की टॅपेटचा, पिस्टनचा आवाज दबतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. मीही सुरुवातीची काही वर्षं कऱ्हाडच्या गॅरेजात असंच करत होतो. नंतर एका कंपनीच्या प्रशिक्षणात उघडलेली इंजिनं शेजारी शेजारी ठेवून दाखवली, तेव्हा सवय सोडली. आवाज दबला म्हणून झीज थांबत नाही. तुझ्या गाडीतून निळसर धूर येत असेल आणि महिन्याला तेल बरंच कमी होत असेल तर इलाज रिंग-पिस्टन आणि व्हॉल्व्ह सील तपासण्याचा आहे.

एक गैरसमज होऊ देऊ नकोस. २०डब्ल्यू-५० हे तेल म्हणून वाईट नाही. अनेक पल्सरना कंपनीनंच ते सांगितलेलं आहे. रॉयल एनफिल्डच्या ३५० च्या गाड्यांना १५डब्ल्यू-५० सांगितलं आहे. त्यांचं इंजिन मोठं, घडण वेगळी. मित्राच्या बुलेटला जे लागतं ते स्प्लेंडरला लागत नाही, आणि उलटही तेवढंच खरं.

बाटलीवरचा तिसरा तपशील म्हणजे एपीआयची अक्षरं: एसजे, एसएल, एसएम, एसएन, एसपी. ‘एस’ने सुरू होणारी तेलं पेट्रोल इंजिनांसाठी, ‘सी’ने सुरू होणारी डिझेलसाठी. दुसरं अक्षर पुढे सरकलं की मानक नवं. एसएल २००१ मधलं, एसएन २०१० मधलं, एसपी २०२० मधलं. तुझ्या गाडीला एसएल पुरेसं आहे. सोबत जासो एमए असेल तर एसएन घेतलंस तरी बिघडत नाही. फक्त ‘अक्षर पुढचं म्हणजे क्लचलाही जास्त चांगलं’ असं समजू नकोस, ही अक्षरं मुख्यतः कारच्या इंजिनांकडे बघून ठरतात. नव्या कार-तेलांत फॉस्फरसचं प्रमाणही खाली आणलेलं असतं, कारण तो धुराच्या नळीतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला खराब करतो. पण त्याच फॉस्फरसच्या संयुगानं कॅम आणि गिअरचे दात झिजण्यापासून वाचतात. म्हणून जासोनं मोटरसायकलच्या तेलासाठी ०.०८ ते ०.१२ टक्के अशी खालची आणि वरची दोन्ही मर्यादा घालून दिली. कारचं तेल आणि बाइकचं तेल हे नुसतं डबे वेगळे करून विकण्याचं प्रकरण नाही, हे यावरून तुला पटावं.

मित्राच्या सल्ल्याचं काय? बाइकसाठीचं फुल सिंथेटिक, १०डब्ल्यू-३०, एमए असं मिळालं तर ते टाकायला हरकत नाही. सिंथेटिक तेलाचे रेणू एकसारखे असतात, ते उष्णता जास्त सोसतं, कमी उडतं. वेगानं पळणाऱ्या, जास्त तापणाऱ्या मोठ्या इंजिनाला त्याचा खरा उपयोग. शंभर सीसीच्या, पन्नासच्या वेगानं चालणाऱ्या गाडीला साधं मिनरल तेल वेळेवर बदललं तर पुरतं. महागड्या एका बाटलीच्या पैशांत साध्या तेलाच्या दोन येतात. मी तुझ्या जागी असतो तर दोन साध्या घेतल्या असत्या आणि दुप्पट वेळा बदललं असतं. तुझा महिन्याचा प्रवासच दीड हजार किलोमीटर आहे.

आता रविवारी सकाळी काय करायचं ते सांगतो.

प्लेटांकडे वळण्याआधी क्लचची वायर बघ. हँडलवरचा क्लच लिव्हर हलक्या हातानं ओढला तर टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळा हलला पाहिजे, त्यानंतर ताण लागला पाहिजे. हा प्ले अजिबात नसेल तर क्लच कायम अर्धवट दाबलेलाच राहतो, आणि तेल कितीही योग्य असलं तरी तो घसरणार. वायर घट्ट करून ठेवलेल्या आणि ‘क्लचप्लेट गेल्या’ म्हणून आणलेल्या कितीतरी गाड्या मी नुसत्या नट फिरवून परत पाठवल्या आहेत. एक पैसा लागत नाही, पाच मिनिटं लागतात.

मग गाडी दहा मिनिटं चालवून तेल कोमट कर आणि खालचा ड्रेन बोल्ट काढून सगळं तेल गळू दे. घाई नको, पंधरा-वीस मिनिटं गळू दे, शेवटी गाडी थोडी डावी-उजवीकडे कलव. कोणी रॉकेल किंवा डिझेल घालून ‘आतून धुऊन काढू’ म्हणालं तर स्पष्ट नाही म्हण. ते कोपऱ्याकोपऱ्यात राहतं आणि नवं तेल पहिल्याच दिवशी पातळ करतं. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा टाक. बोल्ट जोर लावून पिळू नकोस. क्रँककेस अ‍ॅल्युमिनियमची आहे, आटे गेले तर या सगळ्या हिशोबापेक्षा जास्त खर्च होईल. नव्या एमए तेलावर दोन-तीनशे किलोमीटर सपाटीवर, नरमाईनं चालव. प्लेटांत मुरलेलं जुनं तेल हळूहळू निघून जातं आणि बहुतेक वेळा पकड परत येते. ते पहिलं तेल मात्र लवकर, पाचशेच्या आसपास बदल, कारण त्यात मामांच्या तेलाचा अंश उरलेला असतो. दोन साध्या बाटल्या घे म्हणालो, ते यासाठीही.

एवढं करूनही घाटात घसरलाच, तर गॅरेजवाले म्हणतात तसं प्लेटा बदलाव्या लागतील. तेव्हा उजव्या बाजूचं कव्हर उघडलेलंच असेल, तर त्याच कामात सेंट्रिफ्युगल फिल्टर आणि तेलाची जाळी साफ करायला सांग. स्प्लेंडरला कागदी ऑइल फिल्टर नाही. घाण अडवण्याचं काम या दोन गोष्टी करतात, आणि कव्हर उघडावं लागतं म्हणून त्यांच्याकडे कित्येक वर्षं कोणी बघत नाही. पॅकिंग नवं टाकायला विसरू देऊ नकोस.

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचं आहे ते. तेल कुठलं, यावर लोक चौकात तासभर वाद घालतात. तेल किती आहे, हे इंजिनावरची तेल मोजायची काडी काढून बघायला मात्र कोणी खाली वाकत नाही. माझ्या गॅरेजात एक गुरुजी यायचे, माणूस अतिशय सज्जन. गाडीला सगळ्यात महाग तेल घालायचे, बाटली स्वतः आणायचे. एकदा खंबाटकी घाटात त्यांचं इंजिन सीझ झालं, टेम्पोत टाकून गाडी आणली. बोल्ट काढला तर खाली जेमतेम पेलाभर तेल आलं. कुठे गळती नव्हती. रिंगा झिजल्या होत्या, थोडं थोडं जळत गेलं आणि चार महिने कोणी काडी बघितली नाही. पिस्टन, सिलिंडर, कनेक्टिंग रॉड, सगळं गेलं. त्या दिवशी त्यांचा चेहरा बघून मला स्वतःचा राग आला, कारण मागच्या वेळी ‘दर आठवड्याला काडी बघत जा’ एवढं एक वाक्य मी त्यांना सांगितलं नव्हतं. तेव्हापासून एकही गाडी ते सांगितल्याशिवाय मी गॅरेजातून सोडली नाही.

कारमध्ये तीन-साडेतीन लिटर तेल असतं, त्यातलं पाव लिटर कमी झालं तर निभावतं. तुझ्या गाडीत पाव लिटर म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त. म्हणून दर रविवारी सपाट जागी गाडी मेन स्टँडवर लाव, तीन-चार मिनिटं इंजिन चालू ठेव, बंद करून दोन-तीन मिनिटं थांब. काडी काढून फडक्यानं पूस, परत आत ठेव पण फिरवून आवळू नकोस, नुसती टेकव, आणि काढून बघ. तेल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेकडे असावं. या गाडीसाठी ९०० मिलिलिटरची बाटली मिळते, पण बदलताना ती आख्खी रिकामी करायची असा नियम नाही. थोडं थोडं घाल, काडी बघत जा. वरच्या खुणेच्या वर गेलेलं तेलही वाईट, त्याला फेस येतो आणि ते ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरकडे जातं.

काडीवरचं तेल काळं दिसलं म्हणून घाबरू नकोस. आतली काजळी धरून ठेवणं हे तेलाचंच काम, त्यामुळे ते काही शे किलोमीटरमध्ये काळवंडतं. रंगावरून नव्हे, किलोमीटरवरून बदल. पण ते दुधाळ, ताकासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. पावसाळ्यात पाण्यातून गाडी घातल्यावर किंवा रोज फक्त एक-दोन किलोमीटर चालणाऱ्या गाड्यांत हे होतं. मग किलोमीटर न मोजता लगेच बदल. आणि गिअर अडकत, खटखट करत पडू लागले तर तेल थकलंय असं समज. गिअरचे दात तेलातल्या दाटपणा टिकवणाऱ्या लांब रेणूंचे अक्षरशः तुकडे करतात, म्हणून मोटरसायकलचं तेल कारच्या तेलाच्या मानानं लवकर पातळ पडतं.

बाटली ओळखीच्या सुट्या भागांच्या दुकानातून किंवा कंपनीच्या शोरूममधून घे, बिल घे. टोपणाखालची कडी तुटलेली नसावी, आतलं सील शाबूत असावं, बॅच आणि तारीख छापलेली असावी. सुटं तेल बॅरलमधून घेऊ नकोस, आत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. रिकामी बाटली चाकूनं आडवी कापून मगच टाक, नाहीतर तीच बाटली नकली तेल भरून परत फळीवर येते. काढलेलं जुनं तेल गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नकोस. डब्यात भरून गॅरेजात दे, तिथून ते गोळा करणारे नेतात. गावाकडे ते कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासतात, मीही लहानपणी फासलंय. पण ते विषारी असतं, हाताला आणि मातीला लागू नये.

‘इंजिनात ही छोटी बाटली टाका, अ‍ॅव्हरेज वाढेल’ म्हणून जे वरून घालायचं द्रव्य विकतात, तेही घेऊ नकोस. त्यांत बऱ्याचदा तोच क्लच घसरवणारा पदार्थ असतो.

बहिणीच्या स्कूटरचं थोडक्यात सांगतो. तिच्यात क्लच कोरडा असतो, बेल्टच्या बाजूला, इंजिनाच्या तेलात नसतो. त्यामुळे तिथे एमबी चालतं आणि बहुतेक गिअरलेस स्कूटरना १०डब्ल्यू-३० एमबीच सांगितलेलं असतं. तुझ्या बाटलीतलं एमए चुकून तिच्या स्कूटरमध्ये गेलं तर इंजिनाला धोका नाही, अ‍ॅव्हरेजमध्ये किंचित फरक पडेल. पण तिचं एमबी तुझ्या गाडीत टाकू नकोस, परत आज आहेस तिथेच येशील. घरात दोन्ही बाटल्या असतील तर टोपणांवर मार्करनं नावं लिहून ठेवा. आणि स्कूटरच्या मागच्या चाकाजवळ गिअर ऑइल वेगळं असतं, ते बदललंय का हे तिला सर्व्हिसच्या वेळी विचारायला सांग. फार कमी जण विचारतात.

शेवटी बाबांची वही. पुढच्या पत्रात तिच्यातल्या चार-पाच ओळी मला पाठव, सलग तारखा आणि किलोमीटर. माझा अंदाज आहे की दोन नोंदींमध्ये तुला अडीच-तीन हजारांचंच अंतर दिसेल. या वयाची गाडी रोज घाट चढते आहे ती त्यामुळे. तूही तीन हजारच धर. गाडीच्या पुस्तकात जास्त लिहिलं असेल तरी इतक्या जुन्या आणि रोज घाटात चालणाऱ्या गाडीला मी तेवढंच सांगेन. तुझ्या हिशोबानं दर दोन महिन्यांनी एकदा. रविवारी तेल भरून झालं की त्याच वहीत, त्यांच्या शेवटच्या ओळीखाली, तारीख आणि किलोमीटर लिही, आणि पुढे त्यांनी सोडलेला रकाना भर: १०डब्ल्यू-३०, एसएल, एमए.